खालून घेतलेली हवा

रंगकामात रंगाच्या एका थराला 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, शेवटचा हात. माझे वडील सोलापुरात, भवानी पेठेच्या मागच्या अंगाला, ट्रक-मोटारींच्या बॉड्या बांधून रंगवून देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये रंगारी होते. त्यांचा शेवटचा हात बसला की गाडीच्या दारात बघून दाढी करावी, असं गिऱ्हाइकं म्हणायची. मी ते लहानपणापासून ऐकत आलो. रंगाचा हात आणि माणसाचा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला कधी वाटलंच नाही. पुढे एका पावसाळ्यात मालकांनीही दोन्ही एकच धरले, आणि वडिलांच्या हातातली रंग फवारायची गन गेली.

ते पाइपामुळे झालं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण त्या वेळी सांगायला गेलो तेव्हा कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं.

मालक वडिलांपेक्षा वयाने लहान. वर्कशॉप त्यांच्या वडिलांनी काढलेलं. घराणं मैंदर्गीचं, घरात कानडी बोलणारं. कामगारांशी मराठीत बोलताना मध्येच एखादा कानडी शब्द यायचा. ते माझ्या वडिलांना मामा म्हणत. त्यांचं ऐकून सगळी शेड मामा म्हणायची. मालक लहान असताना वडिलांनी त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं होतं, ही गोष्ट वडील आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत. मालकांच्या तोंडून ती मी एकदाही ऐकली नाही.

मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुस्तकं इंग्रजी, शिकवणं इंग्रजी. मला निम्मं कळायचं, आणि राहिलेलं कळल्यासारखं तोंड करून मी बसायचो. पण शेडमध्ये चहाच्या वेळी कशावरून वाद निघाला की वडील म्हणायचे, "थांबा, पोरगं आलं की इचारू त्येला." हे ऐकलं की मी शेडवर जाणं टाळायचो. मला काय येत नाही हे तिथे उघडं पडेल अशी भीती असायची.

त्या वर्षी मालकांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातून मोठा कॉम्प्रेसर घेतला. आधीचा लहान होता. चाकांच्या गाड्यावर बसवलेला, रबरी नळी लावून वडील तो गाडीजवळ ओढून न्यायचे. नवा हलवता येण्यासारखा नव्हता. तो रस्त्याकडच्या तोंडाला, विजेच्या मीटरपाशी बसवला. रंगाची खोली मात्र शेडच्या पार मागच्या टोकाला, धूळ येऊ नये म्हणून. म्हणजे भिंतीच्या कडेने पाइप टाकून हवा शेडभर न्यायची होती: पुढे टायरला, मध्ये पत्र्याला रिबिट मारायला, आणि शेवटी वडिलांच्या गनला.

"मामा, तुमचं पोरगं हेच शिकतंय न्हवं?" मालक म्हणाले. "पाइप कुटला घ्यायचा ते त्येला इचारू की."

वडील घरी आले ते हे सांगतच. आईला त्यांनी दोनदा सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात वर्कशॉपच्या सरांपाशी गेलो. तोपर्यंत मी त्यांना स्वतःहून एकही प्रश्न विचारला नव्हता. सर चांगले होते. त्यांनी खडूने लेथच्या शेजारी जमिनीवर आकृती काढली आणि माझ्यासाठी मराठीत बोलले. हवा दाबली की तापते. पाइपातून जाता जाता निवते. निवली की तिच्यातलं मॉइश्चर पाणी होऊन पाइपाच्या बुडाशी साचतं. म्हणून पाइप पुढच्या दिशेला थोडा उतरता बांधायचा, आणि अगदी शेवटी खाली कॉक ठेवायचा, म्हणजे साचलेलं सोडून देता येतं. आणि मुख्य पाइपातून प्रत्येक ठिकाणी जी शाखा घ्यायची ती खालून घ्यायची नाही. टीचं, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाचं, मधलं तोंड वर करायचं, तिथून पाइप माशाच्या गळासारखा वळवायचा आणि मग खाली आणायचा. वरून घेतली की कोरडी हवा येते, पाणी मागे राहतं.

"आणि प्लास्टिकचा घेऊ नका म्हणावं," सर म्हणाले. "सध्या सगळे तोच घेत सुटलेत. लोखंडी घ्या. जाड घ्या. बारीक घेतला तर शेवटच्या माणसाला दाब पुरत नाही."

शेवटचा माणूस म्हणजे माझे वडील होते. सरांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मालकांनी मला स्कूटरवर मागे बसवून पाइपाच्या दुकानात नेलं. दुकानदाराने करड्या रंगाचा प्लास्टिकचा पाइप एका हाताने उचलून दाखवला. "शेतकरी आता हाच नेतात. गंज न्हाय, वजन न्हाय." मालकांना तो आवडला. त्यांनी तो खांद्यावर घेऊन बघितला. मी म्हणालो, "मालक, हवेला हा चालत नाही. फुटला तर काचेसारखा उडतो." माझा आवाज इतका बारीक होता की दुकानदाराने "काय म्हणतंय पोरगं?" असं विचारलं. मालकांनी मात्र ऐकलं होतं. त्यांनी पाइप खाली ठेवला. तेवढं एक माझं मानलं गेलं.

मग जस्ती पाइप बघितला. नवा, चकचकीत. मालकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि दुकानदाराला म्हणाले, "बघतो." परत येताना स्कूटरवरूनच त्यांनी मला सांगितलं की मैंदर्गीच्या रानात त्यांची विहीर दुष्काळात आटली ती आटलीच; तिच्यातला जस्ती पाइप उपसून गोठ्यात टाकलाय. "माझ्या वडलांपास्नं पाणी सोसलंय त्येनं. वारं सोसणार न्हाय व्हय?"

पाइप आला. जाड होता, आत थोडा गंज होता, पण मी ठोकून बघितला तर आवाज चांगला आला. जुन्या पाइपाबद्दल सर काही बोलले नव्हते. मी म्हणालो, आतून झटकून घेतला तर चालेल. अजूनही मला वाटतं, त्या पाइपात काही खोट नव्हती. खोट तो बांधण्यात झाली.

बांधायच्या आदल्या दिवशी मालकांनी मला शेडवर बोलावलं. चहाची वेळ होती. वेल्डर, सुतार, पत्र्याचं काम करणारे सगळे भोवती आले. वडील सगळ्यांच्या मागे उभे होते, हात पाठीमागे बांधून. मी शाळेत बक्षीस घ्यायला गेलो होतो तेव्हा उभे होते तसे. मी खडूने जमिनीवर सरांची आकृती काढली. टीचं तोंड वर काढलं. मालकांनी विचारलं, "वर कशाला? हवा खाली पायजे न आपल्याला?"

सरांनी मॉइश्चर हा शब्द वापरला होता. तो तिथे बोलायला मला संकोच वाटला. मी म्हणालो, "मालक, हवेत पाणी असतं."

मालकांनी आकृतीकडे वाकून बघितलं. मग मालक म्हणाले, "येनप्पा, काय रे इंजिनिअर, सोलापूरच्या हवेत पाणी? मग नगरपालिकेला सांग की. टँकर कशाला लावत्यात?"

सगळे हसले. वेल्डर म्हणाला, "मामा, उद्यापास्नं वैनींना घागर घिऊन हितंच धाडा. नळाला रांग नको."

"न्हाय तर काय, धुणं बी हितंच," सुतार म्हणाला.

मी वडिलांकडे बघितलं. तेही हसत होते. सगळ्यांच्या नंतर, थोडं उशिरा.

ओल हा साधा शब्द मला घरी जाताना रस्त्यात सुचला. हवेत ओल असते असं म्हटलं असतं तर कदाचित कुणी हसलं नसतं. त्या एका शब्दावर मी नंतर पुष्कळ विचार केला. पण आता वाटतं की तो शब्द सापडला असता तरी दुसरं काहीतरी हसायला निघालं असतंच.

पाइप बांधायला मालकांनी आमच्या भागातले नळवाले चाचा बोलावले. पेठेतल्या निम्म्या घरांचे नळ त्यांनी बसवलेले. हाताला पक्के, कामात चोख. त्यांच्या जोडातून थेंब गळायचा नाही. आणि सोलापुरात नळ बसवणाऱ्याची एकच विद्या असते: नळ जितका खाली, तितकं पाणी जास्त. पाण्याला जोर नसायचा, म्हणून आमच्याकडे नळ भिंतीवर नसतोच. अंगणात खड्डा खणतात, खड्ड्याच्या तळाशी नळ असतो, आणि बाया पायऱ्या उतरून खाली बसून पाणी भरतात. ज्याचा खड्डा खोल त्याची घागर भरते. यावरून गल्लीत भांडणं होतात. चाचांनी आयुष्यभर पाणी असं खाली खाली उतरवून लोकांच्या घागरीत आणलं होतं. ते टीचं तोंड वर करणार कसे?

"बेटा," ते मला म्हणाले, "मैं बी सुना तुम क्या बोले. पन पाइपकू क्या मालूम अंदर पानी हय की हवा? खालून सीधा घेतो. वाकडं केलं तर लोग बोलेंगे चाचा बुढ्ढा हो गया."

उतार मात्र त्यांनी सुंदर काढला. पाण्याच्या सवयीने, कॉम्प्रेसरपासून रंगाच्या खोलीपर्यंत, दोरी धरून. सगळ्यात शेवटची, सगळ्यात खालची शाखा वडिलांची होती. शेवटी कॉक ठेवा असं मी म्हणालो, तर मालक म्हणाले, "पाणीच न्हाय तर सोडायचं काय? उगं हवा वाया." वडिलांना ती जागा मिळाली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. मालक म्हणाले, "मामांस्नी शेवटला नळ दिलाय बघा. समदं तितंच येणार."

आमच्या गल्लीत आमचं घर शेवटचं. तिथल्या नळाला पाणी कधी धड आलं नाही.

होळीच्या सुमाराला पाइप सुरू झाला, आणि उन्हाळाभर काहीही बिघडलं नाही. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा. ओठ फुटतात, दाराच्या लाकडाला चिरा पडतात. हवेत खरोखरच काही नसतं. वडिलांचे हात एकावर एक सुरेख बसत होते. नवा कॉम्प्रेसर जोरदार, रंग धुक्यासारखा उडायचा. वेल्डर मला बघितलं की विचारायचा, "काय इंजिनिअर, घागर कुटं हाय?" मी हसायचो. मला स्वतःलाही वाटायला लागलं की सरांनी सांगितलं ते पुण्या-मुंबईकडचं असेल, आमच्याकडचं नसेल.

आषाढात ढग आले, हवा जड झाली. पाऊस फारसा नव्हता. पण सकाळी अंगावरचा सदरा ओलसर लागायचा. वडिलांनी एका ट्रकच्या केबिनवर शेवटचा हात मारला, आणि तो वाळल्यावर दारावर बारीक पुटकुळ्या दिसल्या. त्यांनी घासून पुन्हा मारला. पुन्हा पुटकुळ्या. त्यांना वाटलं थिनर भेसळीचा असेल. थिनर बदलला. मग वाटलं खाली पत्र्यावर भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, कच्ची राहिली. ती खरवडून पुन्हा भरली. दर वेळी एखादा हात नीट बसायचा आणि पुढचा खराब व्हायचा. पाणी काही सारखं येत नव्हतं. साचलं की एकदम यायचं.

मी घरी वडिलांना म्हणालो, "दादा, ते पाइपातलं पाणी आहे. टी खालून घेतलीय म्हणून."

"उन्हाळाभर कुटं गेलतं मग पाणी?"

मी सांगायचा प्रयत्न केला. आई चुलीपुढे होती. तिने डाळीवरचं झाकण काढून आतली बाजू माझ्याकडे केली. थेंब लोंबत होते. "ह्ये असं म्हणतूस व्हय?" ती म्हणाली. मी हो म्हणालो. तिने ते झाकण वडिलांना दाखवलं. वडील म्हणाले, "डाळीचं न्यारं असतंय," आणि जेवायला बसले.

मी त्यांना म्हणालो, गाडीवर मारायच्या आधी नुसती हवा तळहातावर सोडून बघा. थेंब आले तर कळेलच. ते एकदम रागावले. मला ते फारसे कधी रागवत नसत. "मालकांचं यंत्र मी तपासू व्हय? हात माझा चुकतोय आन् पाइपाला बोल लावू?"

हात माझा चुकतोय, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा म्हटलं. शेडमध्ये ते आधीच कुणीतरी म्हणालं असणार.

श्रावणात एका व्यापाऱ्याची काळी अँबॅसडर रंगाला आली. मुलीच्या लग्नाच्या आधी त्यांना ती नवीसारखी हवी होती. काळा रंग अवघड. त्याच्यात काही लपत नाही. वडिलांनी तिच्यावर जीव टाकला. शेवटच्या हातानंतर खोलीचं दार लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मालकांच्या आणि व्यापाऱ्याच्या समोर उघडलं. मी कॉलेजला जाताना डबा द्यायला थांबलो होतो, म्हणून मी तिथे होतो.

बॉनेटवर आणि डाव्या दारावर बारीक बारीक खड्डे होते, गव्हाच्या दाण्याएवढे. व्यापारी सावकाश गाडीभोवती फिरले. ओरडले नाहीत. म्हणाले, "गाडीला देवी आल्यात की हो."

पत्र्याचं काम करणारे लांबूनच हसले. मालकही थोडे हसले, गिऱ्हाइकाबरोबर हसावं तसे. मग वडिलांकडे वळून म्हणाले, "मामा, हात दाखवा."

वडिलांनी उजवा हात पुढे केला. मालकांनी तो हातात घेतला नाही. नुसता बघितला. सगळे बघत असताना कुणाचाही हात थोडा हलतोच. तोही हलला.

"वय झालं, मामा," मालक म्हणाले. आवाज मऊ होता. "आता घासकाम बघा. ते बी लई म्हत्वाचं असतंय."

मी म्हणालो, "मालक, पाइपात पाणी येतंय. आत्ता हवा सोडून दाखवतो." मी गनकडे गेलोही. वडिलांनी मला दंडाला धरून बाजूला केलं. "गप," ते म्हणाले. "गाडीवाले उभे हायत."

त्या दिवसापासून वडील पाण्यात पॉलिशपेपर बुडवून गाड्या घासू लागले. हे काम शेडमध्ये नव्या पोरांचं. घरी ते संध्याकाळी अंगणात उभे राहून रिकामा हात हवेत आडवा फिरवायचे. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, सारख्या अंतरावर. मग थांबून हाताकडे बघायचे. आई आतूनच म्हणायची, "काय हुतंय हाताला? काय न्हाय झालं."  हळूहळू ते कपबशी दोन्ही हातांनी धरायला लागले.

दिवाळीच्या आधी पुण्याहून एक रंगारी आणला. तरुण, पँट-शर्टातला, रेडिओ लावून काम करणारा. पाऊस परतीच्या वाटेवर होता, हवा तशीच दमट. त्याच्या पहिल्याच गाडीला देवी आल्या. मालक आले, बघितलं, आणि त्याला विचारलं, "मशीनमध्ये काय बिघाड हाय काय?"

त्याला कुणी हात पुढे करायला सांगितलं नाही.

हे मला वेल्डरने सांगितलं. तो हसत नव्हता. "तुझ्या बापाच्या येळंला आमाला कुणाला सुचलंच न्हाय बघ," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. पण सुचलं नाही हे त्याचं म्हणणं मला पटलं नाही. त्यांना सुचवलं होतं. खडूने काढून दाखवलं होतं.

कॉम्प्रेसर दुरुस्त करणारा एक माणूस पुण्याहूनच आला. कॉलेजला सुट्टी होती, मी मुद्दाम गेलो. वडील त्या दिवशी भावकीतल्या बारशाला मोडनिंबला गेले होते. तो माणूस आत आला, मान वर करून पाइपाच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेला, आणि परत येऊन म्हणाला, "टी उलट्या कोणी लावल्या?"

मग त्याने कॉम्प्रेसरच्या टाकीच्या बुडाशी बघितलं. तिथे पूर्वी कॉक असणार. आधीच्या कारखान्यात कुणीतरी तो काढून बूच ठोकलं होतं. ते त्याने सैल केलं, तसं तपकिरी पाणी जोरात सुटलं. सुतार धावत गेला आणि त्याने सवयीने खाली बादली लावली. बादली भरत आली, तशी दुसरी लावली. त्या माणसाला हसू आलं. "अहो, धरताय कशाला? हे टाकायचं पाणी आहे." सुतार खाली बघत म्हणाला, "न्हाय, आमच्याकडं असं सोडत न्हाईत."

मग पुण्याच्या त्या माणसाने जमिनीवर खडूने आकृती काढून दाखवली. टीचं तोंड वर, वळण, मग खाली. शेवटी कॉक. मालक वाकून, लक्ष देऊन बघत होते. "बराबर," ते म्हणाले. "हवेत मॉइश्चर असतंय न." हा शब्द त्यांनी त्या माणसाकडून नुकताच ऐकला होता.

चाचांनाच पुन्हा बोलावून टी फिरवून घेतल्या. दुपारपर्यंत काम झालं. पाइप तोच, जोड तेच, फक्त तोंडं वर. चाचा शिडीवरून माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, तुम बी यहीच बोले थे ना?" मी मान हलवली. ते शिडीवरून उतरले, हात पुसले आणि पान्हे पिशवीत भरायला लागले.

निघताना मालकांनी मला थांबवलं. खांद्यावर हात ठेवला. "तू म्हणलास तेच निघालं बघ. जरा जोरात म्हणायचं न."

मी घरी येऊन वडिलांची वाट बघत बसलो. बारशाहून आले, टोपी काढून ठेवली, तेवढ्यात मी सगळं सांगितलं. बादल्यांचं, आकृतीचं, पुण्याच्या रंगाऱ्याचं. मला वाटलं होतं ते उठून उभे राहतील. ते बसूनच राहिले.

"मालक काय म्हणले?"

"म्हणाले, पाइपाचाच दोष होता."

"असं म्हणले?"

"माझ्यासमोर."

"मला सांगतील मग," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना काही सांगितलं नाही. त्यानंतरही नाही. वडिलांनी विचारलं नाही. मीच विचारतो म्हणालो, तर आईने मला दारात अडवलं. "त्येंचं काम बी जाईल," ती म्हणाली. पुण्याचा रंगारी गन चालवत राहिला आणि त्याचे हात आता छान बसत होते. शेडमध्ये त्याला लोक उस्ताद म्हणायला लागले.

संक्रांतीनंतर तो एकदा गावाला गेला आणि वेळेवर परतला नाही. एक जीप अर्धवट राहिली होती. मालकांनी वडिलांना हाक मारली, "मामा, तेवढा शेवटचा हात मारून घ्या की." जणू मधले महिने गेलेच नव्हते. मी डबा घेऊन आलो होतो. डबा बाकावर ठेवला आणि रंगाच्या खोलीच्या दारात उभा राहिलो.

वडिलांनी गन उचलली. चापावर बोट ठेवलं. मग थांबले, रंगाचा डबा काढून बाजूला ठेवला आणि नुसती हवा स्वतःच्या डाव्या तळहातावर सोडली. मी त्यांना पावसाळ्यात करायला सांगितलं होतं तसंच. बराच वेळ सोडली. मग तळहात उजेडाकडे धरून बघितला आणि माझ्यापुढे केला.

"बघ," ते म्हणाले. "कोरडा हाय."

"आता कोरडाच येणार, दादा. टी फिरवल्यात न."

"पाइप त्योच हाय की," वडील म्हणाले. "उगं पाइपाला बोल लावत हुतास."

मी काही बोलायच्या आत त्यांनी गन खुंटीला अडकवली. बाहेर जाऊन मालकांना म्हणाले, "मालक, माझ्याच्यानं न्हाय व्हायचं. त्या उस्तादास्नी येऊ द्या." मालक "बरं, बरं" म्हणाले आणि आत गेले.

वडील पुन्हा अर्धवट घासलेल्या दारापाशी जाऊन बसले. टमरेलातल्या पाण्यात पॉलिशपेपर बुडवला, निथळू दिला, आणि घासायला लागले. हात अजिबात हलत नव्हता. मी जेवणाचा डबा त्यांच्याजवळ नेऊन ठेवला आणि कॉलेजला गेलो.